आलं नाही तरी बसा

तोंडात गुलाबी लगदा कोंबलेला, डोळ्यांवर दिव्याचा झोत, गळ्यात लहान पोराला बांधतात तसलं कागदी लाळेरं, आणि अशा थाटात मी बसलेली असताना माझी मेलेली मुलगी मला म्हणाली, "जबडा सैल सोडा." अहो-जाहो करून म्हणाली. जिवंतपणी कधी मला अहो केलं नाही कार्टीनं. मी दचकले. दचकले कसली, खुर्चीतून उसळलेच. लगदा घशाकडे सरकला, मी हात वर केला, आणि दातांच्या डॉक्टरणीनं ती पत्र्याची घोड्याच्या नालेच्या आकाराची वाटी घाईघाईनं ओढून बाहेर काढली. वाटीत माझ्या हिरड्यांचा ठसा उमटायचा होता. उमटला होता म्हणे, पण भूकंपात सापडल्यासारखा. "आजी, हललात," डॉक्टरीण म्हणाली. माझ्या नातीपेक्षा थोडीच मोठी असेल पोरगी. "आता परत घ्यावं लागणार माप." मागच्या फळीवर पांढरे प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले होते, लोकांचे, आणि त्या जबड्यांच्या मधोमध एक छोटा गोल स्पीकर. त्यातून माझी ठकी बोलत होती. सावकाश, एकेक शब्द ताटात वाढावा तशी. "कोण गं बोलतंय हे?" मी विचारलं. माहीत असून विचारलं. "आमच्या माई. ध्यान शिकवायच्या. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. माप घेताना लोकांना उमासे येतात ना, म्हणून मी हे लावून ठेवते. मी स्वतः पण रोज सकाळी बसते." "आणि उमासे थांबतात?" "बहुतेकांचे थांबतात." "ज्यांचे थांबत नाहीत ते नातेवाईक असतील," मी म्हटलं. ती हसली. म्हातारी काहीतरी बोलली की हसायचं असतं, तसं.

आता बघा, बसस्टॉपवर अनोळखी माणसाला माझ्या गुडघ्याची सगळी हकीकत सांगणारी मी बाई. तोंड रिकामं होतं, वाटी धुतली जात होती, नवा लगदा कालवला जात होता, वेळच वेळ होता. सांगून टाकायचं की, अगं ती तुमची माई ना, ती मी जन्माला घातलीय, आणि लहानपणी तिला शांत करायला मला एक हात पाळण्यावर आणि एक भाकरीवर ठेवावा लागायचा. नाही सांगितलं. कारण मी आज इथे निव्वळ दातांसाठी आले नव्हते. मला त्या डॉक्टरणीकडून एक थाप उसनी घ्यायची होती. बाहेर बाकड्यावर माझी नात बसली होती, भिंगरी, ठकीची मुलगी. भिंगरी पोहायला शिकवते. दिवसभर पाण्याच्या काठावर उभी राहून पोरांना ओरडते, श्वास घे, आता सोड, आता घे. तिच्या केसांना कायम त्या तलावातल्या औषधाचा वास येतो. तर ही भिंगरी येत्या रविवारी ठकीच्या ध्यानाच्या संस्थेत राहायला जाणार. कायमची. तिच्या आईच्या जागेवर बसायला. संस्थेचे व्यवस्थापक तीनदा घरी येऊन गेले. त्यांना मी कुजबुज्या म्हणते. हा माणूस पूर्वी दारोदार विम्याच्या पॉलिसी विकायचा, पार गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा, आणि आता साधं पाणी मागायचं तरी कानाशी येऊन मागतो. "माईंची जागा रिकामी आहे हो," असं तो कुजबुजला, आणि माझ्या नातीच्या डोळ्यांत काहीतरी हललेलं मी पाहिलं. आज सकाळी इथे येताना गाडी चालवता चालवता ती म्हणाली, "आजी, तू नको म्हणालीस तर मी नाही जाणार. पण तू धड काहीतरी बोल." मी म्हटलं, "दात बसू देत, मग तोंड भरून सांगते." मी माझी थाप मनात घोळवत राहिले. साधीसुधी नव्हती. जबड्यात गाठ सापडलीय, दातांची डॉक्टरीण म्हणते पुढच्या तपासण्या करा, वर्षभर तरी धावपळ आहे, सोबत कुणीतरी लागेल. कुठे थांबायचं, कुठे उसासा टाकायचा, कुठे 'तू नको काळजी करूस, मी रिक्षानं जाईन' म्हणायचं, सगळं बसवलं होतं. डॉक्टरणीनं फक्त दारातून एकदा गंभीर तोंड करून मान हलवायची. तेवढंच काम होतं. माणसं एवढं करतात. मी इस्पितळात सत्तावीस वर्षं काढलीत, गंभीर तोंड कुणाकडूनही मिळतं.

पण लगदा तयार झाला. "आता अजिबात बोलायचं नाही, हलायचं नाही, नाकानं श्वास," डॉक्टरीण म्हणाली, आणि वाटी आत गेली. पुदिन्याचा थंड, खोटा वास. टाळूवर काहीतरी ओलं चढत गेलं आणि हळूहळू घट्ट व्हायला लागलं. "आणि माई सांगतात तसं करा. मी सुरुवातीपासून लावते." तिनं लावलं. आणि मी अडकले. बोलता येत नाही, उठता येत नाही, थट्टा करता येत नाही, आणि समोर माझी मुलगी. उभ्या आयुष्यात तिनं मला असं पकडलं नव्हतं. खूप प्रयत्न केला होता तिनं. सुरुवातीला, फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये संध्याकाळी दहा-पंधरा लोक जमवून बसायची तेव्हा, मला घेऊन गेली. "आई, पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं बोलू नकोस." मी बसले की! पण शेजारी जो गृहस्थ होता त्याच्या पोटात गुरगुरत होतं, आणि डोळे मिटून सगळे गंभीर, आणि ते पोट आपलं भाषण देतंय. मी हसले. दाबायला गेले तर नाकातून निघालं. मग सगळा हॉल हसला. ठकी पण हसली. पण नंतर जिना उतरताना म्हणाली, "तुला भीती वाटते का गं, आई? गप्प बसायची?" मी म्हटलं, "भीती? मला? अगं एकदा आमच्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात वाघ शिरला होता," आणि सुरू केलं. तिनं ऐकलं. पूर्ण ऐकलं. वाघाला इस्त्री करून पाठवला तिथपर्यंत. मग माझा हात धरून मला रस्ता ओलांडून दिला, आणि परत कधी बोलावलं नाही.

"बसा," ती आता स्पीकरमधून म्हणाली. "दार उघडं असू दे. वीतभर." हे दाराचं मला ठाऊक होतं. संस्थेत हॉलचं दार कधी पूर्ण लावत नाहीत, वीतभर उघडं. थंडीत लोक कुडकुडतात, कोट घालून, नाकं ओढत बसतात, पण दार उघडं. सुतारानं मापाची लाकडी पाचर करून दिलीय, ती दाराखाली सारतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मी एका बाईंना विचारलं, "वारा येतोय, लावत का नाही?" त्या माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाल्या, "दार म्हणजे मन. माई म्हणतात, थोडं तरी उघडं ठेवायला हवं." मी म्हटलं, "मनाचं ठीक आहे, पण तुमच्या छातीत कफ भरेल." मग कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं की मी कोण, तर त्या गडबडून एकदम उठून उभ्या राहिल्या. "तुम्ही माईंच्या आई!" तेव्हापासून मला तेच नाव. माईंच्या आई आल्या, माईंच्या आईंना खुर्ची द्या, माईंच्या आईंना साखर चालते का विचारा. माझ्या पोरीला हजारो लोक माई म्हणायचे. आणि तिची खरीखुरी मुलगी, आठ वर्षांची, माझ्या घरात स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून शाळेचा अभ्यास करायची. तिचा बाप वेगळा झाला होता, दुसऱ्या गावी, दुसऱ्या संसारात. ठकी संस्थेत राहायला गेली तेव्हा म्हणाली, "इथे शाळा नाही गं, आई. थोडे दिवस तुझ्याकडे ठेव." थोडे दिवस. आधी ती दर रविवारी यायची, मग महिन्यातून एकदा, मग जमेल तेव्हा. मी भिंगरीला सांगायचे, तुझी आई डोंगराएवढा कान घेऊन बसलीय, जगातला प्रत्येक आवाज तिला ऐकू येतो, तू आत्ता जांभई दिलीस ती पण. पोरगी जांभई दाबायची.

"आधी सगळ्यात जवळचा आवाज ऐका," ठकी म्हणाली. "तुमच्या खोलीतला. घड्याळ असेल. नळ असेल. ऐका आणि सोडून द्या." डॉक्टरणीच्या खोलीत पण नळ होता, बेसिनमध्ये बारीक पाणी फिरत होतं. मी ऐकलं. करणार काय दुसरं? जीभ लगद्याखाली गाडलेली. आणि मला आमचा नळ आठवला. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, नवरा गेल्यावर घेतलेली, त्यातला तो नळ. कितीही आवळला तरी टपकायचा. मी तेव्हा इस्पितळाच्या धुलाईखान्यात लागले होते. दिवसभर चादरी. ओल्या चादरीचं एक टोक मी धरायचं, एक दुसरीनं, झटका द्यायचा, आणि तापलेल्या रुळात सारायची, पलीकडून ती कडक होऊन निघते. मशिनांचा असा आवाज की ओरडल्याशिवाय शेजारणीला ऐकू जायचं नाही. म्हणून माझा आवाज असा फुटका नि मोठा, आणि म्हणून बहुतेक मी गप्प बसू शकत नाही, गप्प बसलं की कानात ती मशिनं चालू होतात. ठकी शाळेतून यायची, शेजारणीकडून किल्ली घ्यायची, आणि मी येईपर्यंत एकटी. मी सांगून जायचे, दार आतून लाव, कडी घाल, कुणालाही उघडू नकोस. आणि मी यायचे तेव्हा दार उघडंच. साखळी लावलेली, पण उघडं. किती ओरडले असेन तिला त्यावरून. "चोर येतील म्हटलं ना!" "चोर साखळीतून कसा येईल?" "बारीक चोर असतात. मांजराएवढे." ती हसायची. मग विचारायची, "आज का उशीर झाला?" खरं कारण एकच असायचं. शस्त्रक्रियेच्या चादरी उशिरा खाली यायच्या आणि धुतल्याशिवाय सोडायचे नाहीत. पण सहा वर्षांच्या पोरीला रक्ताच्या चादरी काय सांगणार? मी म्हणायचे, आज एका चादरीत माणूस झोपलेला राहिला, रुळातून चपटा होऊन निघाला, त्याची चौपदरी घडी घालून त्याच्या घरी पोचवून आले. मी म्हणायचे, ड्रायव्हर झोपला म्हणून बस आपली आपणच चालत आली, पण तिला वळणं ठाऊक नव्हती, म्हणून सरळ समुद्रापर्यंत गेलो. ती हसून हसून आडवी व्हायची. मला वाटायचं, बघा, माझी पोरगी संध्याकाळची वाट बघते ती माझ्या गोष्टींसाठी.

डॉक्टरणीनं माझ्या ओठाच्या कडेला बोट दाबून बघितलं. "अजून थोडं. छान बसलायत तुम्ही." आणि मागून ठकी म्हणाली, "आता त्याच्या पलीकडचा आवाज. दाराबाहेरचा. जिना असेल. पाय असतील. कुणाचे आहेत ते ठरवू नका. वर येतायत की खाली जातायत, ठरवू नका. नुसते ऐका. तुमच्या मजल्यापर्यंत आले, तर आले. पुढच्या मजल्यावर गेले, तर जाऊ द्या." मी डोळे उघडले. वर दिवा होता. पुन्हा मिटले. जिना. वीतभर दार. "आता आणखी लांब," ती म्हणाली. "रस्त्यावरचा. एखादी गाडी थांबेल. थांबताना तिचा ब्रेक वाजेल. आपल्याला हवी ती गाडी असेल असं नाही. जाऊ द्या. दुसरी ऐका." ठकी लहानपणी मला म्हणायची, "तुझी बस मला ओळखू येते. थांबताना रडते." मी म्हणायचे, "रडणारच, मी उतरते ना." आणि विनोद झाला की विषय संपला. मी कधी विचारलं नाही की बस ओळखू यायला किती बसेस ऐकाव्या लागतात.

पुढे ती कान तपासायच्या दवाखान्यात लागली. लोकांना काचेच्या खोलीत बसवायचं, कानाला यंत्र लावायचं, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि म्हणायचं, ऐकू आलं की बोट वर करा. तिथेच एक म्हातारा तिला म्हणाला, बाई, यंत्रातून काही ऐकू येत नसतानाच मला बरं वाटतं, मी इथे नुसता बसू का? तिथून हे सगळं सुरू झालं. हे लोकांना माहीत आहे, संस्थेच्या भिंतीवर लिहिलेलंय चित्रासकट. एका वर्तमानपत्रवाल्यानं तिला विचारलं होतं, तुमचा गुरू कोण? ती म्हणाली, "गुरू नाही. मला लहानपणापासून सवय आहे." त्यावर पुढे केवढं काय काय लिहिलं लोकांनी. जन्मतःच ध्यानस्थ. मागच्या कुठल्या तरी जन्माची पुण्याई. मी ते वाचून भिंगरीला म्हटलं, थापांत हे लोक मला मागे टाकतील. आणि आता या खुर्चीत, जबडा सिमेंट झालेला, मी ऐकत होते आणि मला एकेक गोष्ट ओळखीची येत होती. घड्याळ, नळ, जिना, कोपऱ्यावरचा ब्रेक. हे ध्यानबिन काही नव्हतं. एक मुलगी दाराच्या फटीशी जमिनीवर बसून आईची वाट बघत होती. घाबरू नये म्हणून तिनं आवाजांची रांग लावली होती, जवळचा, पलीकडचा, त्याच्या पलीकडचा, आणि त्या रांगेच्या शेवटी मी. हजारो माणसं डोळे मिटून तिच्याबरोबर माझी वाट बघत बसली होती, कुणाला पत्ता नव्हता. मलाही नव्हता.

"आणि आता सगळ्यात लांबचा," ठकी म्हणाली. इथे ती थोडी थांबते. तिच्या श्वासाचा आवाज येतो. "तो ऐकू येत नसेल. मग जिथून तो यायचाय ती जागा ऐका." मला वाटलं आता पुरे, हिनं थांबावं. मी हात वर करायला हवा होता. केला नाही. कारण मला दुसरं दार दिसलं. संस्थेतलं, तिच्या खोलीचं. तिच्या रक्तात काहीतरी बिघडलं होतं. डॉक्टरांनी काही महिने सांगितले होते, मी जाऊन-येऊन होते, आणि मग मौनाचा आठवडा आला. त्या आठवड्यात संस्थेत कुणी बोलत नाही, टेलिफोन कपाटात, कपाटाला कुलूप. ठकीनंच केव्हातरी घालून दिलेला नियम, काहीही झालं तरी मोडायचा नाही. मला म्हणाले, आठवडा संपला की या. आणि तिचं महिन्यांचं काम त्या आठवड्यातच उरकलं. कुणी मला फोन केला नाही. त्यांच्यात दुष्टावा नव्हता हो, रडत होती माणसं, पण नियम. माईंचा नियम माईंच्यासाठी कसा मोडायचा? मौन संपल्याची घंटा झाली, कपाट उघडलं, मग फोन आला. मी आणि भिंगरी पोचलो तेव्हा तिला हॉलमध्ये ठेवलं होतं आणि माणसं डोळे मिटून बसली होती, टाचणी पडली तर ऐकू येईल अशी. मी तिला बघितलं आणि माझा जो काय फुटका आवाज आहे तो निघाला. एकदम. धुलाईखान्यातला. एका मुलीनं माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हटलं, "आई, शांतता. त्यांना ती आवडायची." मी उठले. मागे त्यांची कपडे धुवायची खोली होती. एक जुनं मशीन होतं, मोठं, आमच्याकडच्यासारखं. मी ते रिकामंच चालू केलं, आणि ते चालू होतं तोवर त्याला टेकून रडले. कुणालाही ऐकू गेलं नाही. संध्याकाळी कुजबुज्या माझ्याजवळ आला, डोळे सुजलेले. "शेवटपर्यंत साधना चालू होती हो माईंची. पलंग फिरवून घेतला, डोकं दाराशी. बोलायची ताकद नव्हती, खुणेनं दार उघडं ठेवायला सांगितलं. शेवटपर्यंत ऐकत होत्या. केवढी एकाग्रता." मी त्याला म्हटलं होतं, "वारा लागला असेल तिला." दोन वर्षं मी हेच सांगत होते सगळ्यांना, वारा लागला असेल, दार लावायला हवं होतं. काय ऐकत होती ते आत्ता, या खुर्चीत कळलं.

"कुणाला बोलवू नका," स्पीकरमधून ठकी म्हणाली. "उठून बघायला जाऊ नका. येणारं त्याच्या वेळेनं येतं." मग बराच वेळ काही नाही. मग: "आणि आलं नाही तरी बसा." बस. तिथे संपतं. शेवटी घंटाबिंटा काही नाही. डोळ्यांतून पाणी कानात जात होतं, कारण खुर्ची मागे कललेली. डॉक्टरणीनं कागदानं पुसलं. "येतं हं पाणी, लगद्यानं सगळ्यांनाच येतं." तिनं वाटी हलवली, टचकन आवाज झाला आणि ती सुटली. खालचं मापही तसंच झालं, मी मेल्यासारखी पडून होते. "सुरेख!" ती म्हणाली आणि मला दाखवलं. गुलाबी रबरात माझं बोळकं, एकेक सुरकुती, जसंच्या तसं. "बघा, हलला नाहीत तर किती छान येतं." मला तिला गंभीर तोंड करायला सांगायचं होतं, ते मी सांगितलं नाही. विसरले नव्हते. तोंड खळखळून धुतलं, पुसलं, आणि विचार केला. एक पोरगी मी माझ्या गोष्टींवर वाढवली आणि ती जन्मभर दाराशी बसून राहिली. दुसरीला आता गाठीची गोष्ट सांगून घरात बसवायचं? ती तिच्या आईला शोधायला निघालीय. तिथे ती सापडणार नाही, फार तर एक पाचर सापडेल. पण ते तिचं तिनं जाऊन बघायला हवं. मी मधे उभी राहणार नाही. इतकं शहाण्यासारखं मी कधी काही ठरवलं नव्हतं. थाप न मारायचं ठरवलं की छाती कशी मोकळी वाटते, हेही मला त्याच दिवशी कळलं.

भिंगरी बाकड्यावरून उठली. "काय म्हणाली डॉक्टर?"

"काही नाही. हिरड्या लोखंडी आहेत म्हणाली. शंभर वर्षं मरत नाही म्हणाली."

"आणि?"

"आणि काय? आणि तू जा रविवारी."

ती माझ्याकडे बघत राहिली. पोहणारी पोरं पाण्याबाहेर डोकं काढल्यावर बघतात तशी, मिचमिचत. "जाऊ?"

"जा. नीट जा. जाड स्वेटर घे, तिथे वारा असतो. आणि त्या कुजबुज्याला मोठ्यानं बोलायला लाव."

"एवढंच?"

"मग काय, नाचून दाखवू?"

ती हसली नाही. पर्स उचलली, लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट येईपर्यंत आम्ही दोघी त्या लाल आकड्याकडे बघत उभ्या. आत शिरल्यावर तिनं माझ्या हनुवटीवर राहिलेला लगद्याचा तुकडा नखानं काढला, बोटांत चुरत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं तू मारशील."

"कुणाला?"

"थाप गं. मोठी. हृदयाची नाहीतर कशाची. गाडीत सकाळी पुटपुटत होतीस ना, मी म्हटलं, चला, तयारी चाललीय." तिचा आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता. "मी ठरवलंच होतं, आजी. तू काहीही सांग, कितीही खोटं सांग, मी मानणार. त्यांना फोन करणार की आजीला असं असं झालंय, मी नाही येत. मला तू कधी कशालाच अडवलं नाहीस. आईलाही नाही अडवलंस. मी बाहेर बसून एवढा वेळ हाच विचार करत होते की आज तू काय सांगतेस."

लिफ्ट खाली येऊन थांबली. दार उघडलं. मी तिचा हात धरला. "अगं मग आहे ना! आहे! जबड्यात गाठ आहे. तिला बोटाला लागली, म्हणाली, आजी, हे लक्षण बरं नाही. पुढच्या तपासण्या. वर्षभर तरी. सोबत कुणीतरी हवं म्हणाली, पण तू नको काळजी करूस, मी रिक्षानं जाईन." जिथे थांबायचं तिथे थांबले, जिथे उसासा टाकायचा तिथे टाकला. बोळक्या तोंडातून शब्द फसफसत होते, तरी एकही सोडला नाही. दार मिटायला लागलं की भिंगरी हातानं अडवायची, ते पुन्हा उघडायचं. तिनं पूर्ण ऐकलं, शेवटपर्यंत.

"चांगली आहे," ती म्हणाली. "जरा आधी सांगायला हवी होतीस."

बाहेर एक माणूस हातात खोकं घेऊन खोळंबला होता. "येताय ना बाहेर?" त्यानं विचारलं.

"हो," भिंगरी म्हणाली आणि माझ्या कोपराला धरलं. "निघालोच."